काळी पडली व तू!

गोरी, फेअर, ग्लोइंग... शब्द बदलत गेले, बघणाऱ्यांचे डोळे मात्र तेच राहिले. अकोल्यातल्या एका लग्नघरात सापडलेल्या बिनलेबलच्या डबीची ही गोष्ट.

पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हिंदकळत अकोल्याला उतरले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन मात्र पार दुपारचं! मे महिन्यातला अकोला म्हणजे काय प्रकार असतो, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास, अकरा वाजताच रस्ते सामसूम आणि घराघरात कूलरची घरघर. चुलतभावाचं लग्न होतं. अंगणात मांडव पडला होता आणि दारातच मोठी आई उभी होती.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली,

"काळी पडली व तू! काय झालं व माय?"

प्रवास कसा झाला, नाही. नोकरी कशी चाललीय, नाही. मी अडतीस वर्षांची आहे. एका कंपनीत वीस जणांची टीम सांभाळते, परदेशातल्या क्लाएंटशी भांडते, स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता स्वतः भरते. पण त्या एका वाक्यासरशी मी पुन्हा बावीस वर्षांची झाले आणि बॅग ठेवायच्या आधी बाथरूमच्या आरशासमोर जाऊन उभी राहिले.

तुमच्याही घरी अशी एक मोठी आई असेलच. आत्या असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. त्यांचं तुमच्यावर प्रेम असतं, खरंच असतं. म्हणून तर त्यांचं बोलणं इतकं लागतं.

तीन पिढ्या, तीन मापं

आमच्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. गोंदल्याशिवाय बाईचा हात भुंडा दिसतो, असं ती म्हणायची. आईच्या पिढीला त्याच गोंदणाची लाज वाटायला लागली, 'गावठी' म्हणून. आणि आता माझ्या ऑफिसातल्या मुली हजारो रुपये मोजून मनगटावर गोंदवून घेतात. फक्त त्याला टॅटू म्हणायचं!

अंगाचंही तसंच. मोठी आई लग्न होऊन आली तेव्हा सून अंगाने भरलेली असणं हे खात्यापित्या घरचं लक्षण मानलं जायचं. हडकुळी मुलगी दिसली की बायका कुजबुजायच्या, 'माहेरी खायले नसन.' मग १९९४ साल उजाडलं. सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली, ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आणि बघता बघता आमच्या गल्लीतही 'येथे आयब्रो, फेशियल करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. २००८मध्ये 'टशन'साठी करिना कपूर 'साइझ झिरो' झाली तेव्हा मी अमरावतीच्या होस्टेलवर होते. मेसमध्ये आम्ही पोळ्या मोजायला लागलो. 'भात बंद' हे आमचं डाएट. एकीला परीक्षेच्या हॉलमध्ये चक्कर आली तर आम्हाला तिचं कौतुकच वाटलं, काय ही विल पॉवर!

आज त्याची लाज वाटते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे. आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट कुपोषणासाठी देशभर माहीत आहे. आणि तिथून काही तासांच्या अंतरावर आम्ही पोळी नको म्हणण्याला फॅशन समजत होतो.

आता माझ्या भाचीच्या पिढीला तेवढ्यानेही भागत नाही. कंबर बारीक हवी, बाकी सगळं भरलेलं हवं, वर जॉलाइनही हवी. हे सगळं फोनच्या फिल्टरमध्ये मिळतं. एका शरीरात मिळायला मात्र कठीण.

थोडक्यात काय, माप बदलत राहिलं. गोंदण गेलं, परत आलं. भरलेली मुलगी जाडी झाली, हडकुळी मुलगी स्लिम झाली. एकच गोष्ट जागची हलली नाही. रंग!

सावलीत वाढलेली

वऱ्हाड म्हणजे कापूस, पांढरं सोनं. हे पांढरं सोनं वेचायला बाया भर उन्हात तास अन् तास वाकून काम करतात. ज्या घरच्या बायकांना शेतात जावं लागत नाही, त्या 'सावलीत वाढलेल्या'. म्हणजे गोरेपणा हा आमच्याकडे नुसता रंग कधीच नव्हता. घरची ऐपत आणि बऱ्याचदा जातसुद्धा सांगणारा तो दाखला होता. पुढे शेतं विकली गेली, फ्लॅट आले, दारात गाड्या आल्या. दाखला मात्र तोच चालू राहिला.

अमरावतीत राजकमल चौकात किंवा अकोल्यात टॉवर चौकात पाच मिनिटं उभे राहा. स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींचे फक्त डोळे दिसतील, आणि गॉगल असला तर तेही नाहीत. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे. मे महिन्यात हे हवंच, उष्माघात ही थट्टेची गोष्ट नाही. पण हा स्कार्फ डिसेंबरच्या थंडीतही का सुटत नाही, ते विचारून बघा. "टॅन होते न ताई!"

परिचय मेळाव्याची पुस्तिका कधी चाळलीय? 'वर्ण' या शब्दापुढे गोरा, निमगोरा, फार तर गव्हाळ. 'सावळा' असं मुलीच्या माहितीत लिहिलेलं मला तरी आठवत नाही. 'गव्हाळ' या एका शब्दाच्या पोटात अर्धं वऱ्हाड मावतं! मुलांचं तसं नाही. रुक्मिणीचं माहेर म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं मानतात. तिने कोणाला वरलं? सावळ्या कृष्णाला. म्हणजे सावळा नवरदेव आमच्याकडे द्वापारयुगापासून चालतो. अडचण फक्त नवरीची आहे.

मधल्या काळात बाहेर बरंच घडलं. स्मिता पाटीलने सावळ्या चेहऱ्याने अख्खा पडदा व्यापला होता, १९९२मध्ये मधू सप्रे ही उंच, सावळी मराठी मुलगी मिस इंडिया झाली होती. पुढे २०२०मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं आणि त्याची धग आपल्याकडेही पोचली. १९७५पासून विकली जाणारी 'फेअर अँड लव्हली' त्या वर्षी 'ग्लो अँड लव्हली' झाली. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. मला मनापासून आनंद झाला होता. वाटलं, चला, संपलं एकदाचं!

पण पाटी बदलली म्हणून दुकान बंद होत नाही. आणि गल्लीबोळातल्या काही डब्यांना तर बदलायला मुळात नावच नव्हतं.

ती डबी

हळदीच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्या गच्चीवर गाद्या टाकून झोपलो होतो. माझी भाची, म्हणजे मोठ्या आईची नात, एकोणीस वर्षांची. अमरावतीला इंजिनीअरिंग करते, होस्टेलवर राहते. झोपण्याआधी तिने बॅगेतून एक छोटी पांढरी प्लास्टिकची डबी काढली आणि बोटाने चेहऱ्यावर ठिपके ठेवायला लागली.

"काय आहे ग हे?"

"मावशी, एकदम भारी आहे. आठ दिवसांत फरक पडतो. पार्लरवाल्या ताई स्वतः बनवतात."

डबी हातात घेतली. लेबल नाही, कंपनी नाही, तारीख नाही, काहीच नाही.

"कधीपासून लावतेस?"

"फेब्रुवारीपासून. आजी म्हणाली न, लग्नात सगळे येतील म्हणून..."

माझ्या पोटात गोळा आला. कारण अशीच डबी एकेकाळी माझ्याही उशाशी असायची.

२०१०ची गोष्ट. माझा पहिला 'बघण्याचा कार्यक्रम' झाला. पोहे झाले, प्रश्न झाले आणि चार दिवसांनी निरोप आला, 'पोरगी चांगली हाय, पण रंग...' त्या 'पण'नंतर घरात जी शांतता पसरली, ती मला अजून ऐकू येते. कोणीच काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका बाईंकडून दीडशे रुपयांची डबी घरात आली. आठ दिवसांत चेहरा उजळला. सगळे म्हणायला लागले, 'काय छान दिसायला लागलीस!' खरं सांगते, इतकं कौतुक मला इंजिनीअरिंगच्या निकालाला मिळालं नव्हतं.

तीन महिन्यांनी डबी संपली आणि नवी मिळायला उशीर झाला. चेहरा लालबुंद झाला, आग आग व्हायला लागली, पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव वाढली. उन्हात दोन मिनिटं उभं राहवेना. त्वचारोगतज्ज्ञांनी बघताक्षणी सांगितलं, 'यात स्टिरॉइड असणार.' इसबासारख्या आजारांवर थोडे दिवस वापरायचं औषध मी तीन महिने चेहऱ्याला चोपडत होते. कातडी पातळ झाली होती, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या. सावरायला दीड वर्ष लागलं. पुढे २०१८मध्ये सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण घरगुती डबीत काय कालवलंय, ते कोण तपासणार?

अकोल्यातल्या तिघी

गच्चीवर बसूनच मी भाचीला एक बातमी सांगितली. ही बातमी कुठल्या लांबच्या शहरातली नाही, तिच्या आजोळची, अकोल्याचीच आहे.

इथल्या एका घरातल्या मुलीने ब्युटिशियनकडून आणलेलं गोरं करणारं क्रीम लावायला सुरुवात केली. ती उजळलेली दिसली म्हणून तिची आई आणि बहीणही तेच क्रीम वापरायला लागल्या. २०२२च्या सुरुवातीला तिघींच्याही किडनीला त्रास सुरू झाला. रक्त गाळणारी किडनीतली चाळणीच सुजली होती. एकाच घरात तिघींना एकाच वेळी असं का व्हावं? उत्तर मिळालं मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या मदतीने. क्रीम तपासलं, त्यात पारा निघाला. २०२३च्या जानेवारीत ही बातमी छापून आली.

त्यानंतर केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले अशाच किडनीविकाराचे २२ पेशंट अभ्यासले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक खास प्रकार सापडला आणि त्या पंधरापैकी तेरा जण गोरं करणारं क्रीम लावत होते. आपल्या कातडीचा सावळा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. पारा ते तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत साठत राहतो. म्हणजे 'आठ दिवसांत फरक' पडतो हे खरंच. तो कुठे कुठे पडतो, ते आरशात दिसत नाही!

भाची एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, माझे पाय सुजल्यासारखे वाटतात ग."

त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीतून 'बांगड्या आणायला जातो' सांगून आम्ही लॅब गाठली. लघवीची साधी तपासणी. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. दिवसभर डीजेवर गाणी वाजत होती, भाची हळद लावून सगळ्यांसोबत नाचत होती आणि दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघत होती. साडेसहाला फोन आला. प्रोटीन नाही. रिपोर्ट नॉर्मल. मांडवाच्या मागे, गॅसच्या सिलिंडरवर बसून आम्ही दोघी रडलो. पुढे डॉक्टरांनाही दाखवून घेतलं.

मोठ्या आईला कळायचं ते कळलंच.

"मी का म्हणलं होतं तिले, हे लाव म्हणून?" ती आधी चिडली. मग डबी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, "मले तीन पोरांनी नाही म्हणलं होतं. चवथे तुहे मोठे बाबा. लग्न झाल्यावरबी त्याईची माय सहा महिने माह्या तोंडाकडं पाहे नाही."

अडतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग हे कधी सांगितलं नाहीस ते?"

"सांगाचं काय व त्यात? सगळ्याईचंच तसं."

"आणि तरी मला दारात म्हणालीस, काळी पडली?"

ती हसली. ओशाळून हसली. "तोंडातून निंगते व. सवय हाय."

मला वाटतं, सगळी गोष्ट या एका शब्दात आहे. सवय! ज्या वाक्याने आपण एकेकाळी भाजलो, तेच वाक्य आपण पुढच्या मुलीला प्रेमाने देत जातो. कंपन्यांनी नावं बदलली, वेबसाइटनी फिल्टर काढले, ते बरंच झालं. पण घराच्या दारात बसलेला फिल्टर कोणी काढायचा? तो फक्त आपल्यालाच काढता येतो.

डबी उघडण्याआधी...

* लेबल, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि एक्स्पायरी डेट नसलेलं क्रीम घेऊ नका, कितीही ओळखीतून आलेलं असलं तरी.
* लेबलवर मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी लिहिलं असेल तर ते क्रीम लांबच ठेवा. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना हीसुद्धा पाऱ्याची खूण असू शकते. आपल्या कायद्याने त्वचेच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा असून चालत नाही.
* बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडची नावं आहेत. ती डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि सांगितली तेवढेच दिवस.
* चेहरा किंवा पाय सुजणं, लघवीला फेस येणं असं काही वाटलं तर क्रीम थांबवा, डॉक्टरांकडे जा आणि डबी सोबत न्या. वेळीच क्रीम बंद केल्यावर बरे झालेले पेशंट बरेच आहेत.
* 'आठ दिवसांत गोरेपण' असं कोणी म्हणालं, तर तीच धोक्याची घंटा समजा.

अमरावतीचं मैदान

लग्न आटोपल्यावर भाचीला सोडायला मी अमरावतीला गेले. अकोला-अमरावतीचा हा रस्ता २०२२च्या जूनमध्ये गिनीज बुकात गेला. १०५ तासांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण! गाडी अशी पळत होती की मूर्तिजापूर कधी मागे पडलं, कळलंच नाही. भाची खिडकीशी बसली होती. स्कार्फ मांडीवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला ओढत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर नेलं. अमरावतीकरांना या संस्थेचं नवल नाही. १९१४ साली ती सुरू झाली आणि १९३६मध्ये इथल्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. होस्टेलला असताना मी रोज या रस्त्याने जायचे, पण आत कधी डोकावले नव्हते. मी पोळ्या मोजण्यात बिझी होते ना!

आत मुली सराव करत होत्या. उन्हाने रापलेल्या, घामाने निथळणाऱ्या. एक जण दोरीवर उलटी लटकून पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवत होती. तिच्या दंडाचा स्नायू दोरीसारखाच पिळलेला दिसत होता. भाची बघतच राहिली.

"यांना घरी कोणी काही म्हणत नसेल का ग मावशी?"

ते आम्ही तिथल्याच एकीला विचारलं. ती हसून म्हणाली, "म्हणतात न! पोट्ट्यासारखे खांदे झाले म्हणते माझी आजी. म्हटलं, आजी, या खांद्यांवर वर चढतो आम्ही."

म्हणजे बोलणी त्यांनाही चुकलेली नाहीत. फरक एवढाच की आपलं शरीर कसं दिसतं, याआधी ते काय काय करू शकतं, हे त्यांना माहीत आहे. बोलणं आलं तरी उभं राहायला त्यांच्याकडे जागा आहे. ही जागा मला बावीसाव्या वर्षी मिळाली असती तर? असो. भाचीला एकोणिसाव्या वर्षी दिसली, हेही कमी नाही.

आठ वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. ऊन चढलं, दोघींचे चेहरे लाल झाले. तेवढ्यात मोठ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी तिचं अर्धं कपाळ दिसलं, मग पूर्ण चेहरा. तिने आमच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"का-" तोंड उघडलं आणि मिटलं. भाची इकडे हसू दाबत होती.

"काय व दोघी," मोठी आई म्हणाली, "काही खाल्लं काय सकाळपासून?"